बाळ, तुला वादळ व्हायचंय?

उत्तर अटलांटिकमधल्या होतकरू कमी दाबांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

कोणी अर्ज करावा

अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात जन्मलेल्यांनी ही पुस्तिका आत्ताच मिटावी. त्यांचं बोर्ड वेगळं, हंगाम वेगळा, परीक्षाही वेगळी. त्यांना २६-२७ अंशांचं कोमट पाणी लागतं आणि डोक्यावरचं आभाळ निवांत लागतं. उंचीबरोबर वारा फार बदलू लागला की त्यांचा डोलारा कलंडतो. ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलेलं निसर्ग चक्रीवादळ त्या शाळेतलं. त्याची चौकशी रायगडच्या नारळ-सुपारीच्या बागायतदारांकडे करावी, आमच्याकडे नको.

तुझं कूळ निराळं. निवांत आभाळ तुझ्या मुळावर येतं आणि नुसत्या कोमट पाण्यावर तुझं पोट भरत नाही. तुझं भांडवल म्हणजे तफावत: एका बाजूला कडाक्याची थंडी, दुसऱ्या बाजूला ऊब, आणि दोहोंमध्ये जमेल तितकं कमी अंतर. बाकी पुस्तिका विसरलास तरी एवढं ध्यानात ठेव.

अर्ज ऑक्टोबर ते मार्च या काळात स्वीकारले जातात. उन्हाळ्यात ध्रुवाकडे चोवीस तास ऊन असतं, तिकडची हवाही बऱ्यापैकी तापते, तफावत आटते आणि भल्याभल्यांची वाढ खुंटते. डिसेंबर-जानेवारीत मात्र सूर्य तिकडे फिरकत नाही, विषुववृत्तावर ऊन तेवढंच पडत राहतं. ही दरी कोणीतरी बुजवायला हवी. निसर्गाने ते काम तुम्हा मंडळींवर सोपवलंय: इकडची ऊब उचलायची, तिकडे नेऊन टाकायची. छपरं उडवणं हा जोडधंदा.

जन्मस्थळ निवडताना

जन्म कुठे घ्यावा हे आपल्या हातात नसतं, असं माणसं म्हणतात. वादळांना तसं म्हणून चालत नाही. अमेरिकेचा पूर्व किनारा आणि न्यूफाउंडलंडच्या आसपासचा समुद्र, हा पत्ता धरावा. तिथे एका अंगाला कॅनडाची गोठलेली जमीन असते आणि तिच्यावरून शून्याच्या कितीतरी खाली असलेली कोरडी हवा समुद्रावर उतरत असते. दुसऱ्या अंगाला गल्फ स्ट्रीम, मेक्सिकोच्या आखाताकडची ऊब भर जानेवारीतही पाठीवर घेऊन निघालेला. काही शे किलोमीटरांत एवढा फरक पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी मिळतो. (जपानच्या पूर्वेला, कुरोशिओ प्रवाहापाशी, आपली दुसरी शाखा आहे. तिथले विद्यार्थी अलास्काच्या दिशेने जातात आणि पाहायला फारसं कोणी नसल्यामुळे प्रसिद्धीला मुकतात.)

दोन हवांच्या या सीमेला आघाडी म्हणतात. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा नॉर्वेतल्या बर्गन शहरात विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि त्यांचे सहकारी हवामानाचे नकाशे काढत बसले होते. हा शब्द त्यांनी सरळ रणभूमीवरून उचलला. १९१९ साली याकोबने आठ पानांचा एक निबंध छापला. वय २१. तुझ्या घराण्याचं पहिलं धड चित्र त्या आठ पानांत आहे: पुढे सरकणारी उष्ण आघाडी, मागून तिच्यावर चालून येणारी शीत आघाडी, दोघींच्या बेचक्यात उबदार हवेची पाचर, आणि पाचरीच्या टोकाशी तू.

सुरुवातीला तू आघाडीवरची एक सुरकुती असतोस, नकाशावर बोटाने पुसून टाकावी एवढी. सुरकुतीचं वादळ का होतं, हे गणिताने सांगायला आणखी तीसेक वर्षं लागली. १९४७ मध्ये जूल चार्नी आणि १९४९ मध्ये एरिक ईडी यांनी आपापल्या वाटेने तेच दाखवून दिलं. थंड आणि उबदार हवा शेजारी-शेजारी उभी असणं हीच मुळात अस्थिर अवस्था आहे. एखादी बारीक लाट पडली की उबदार हवा उत्तरेकडे सरकत वर चढते, थंड हवा दक्षिणेकडे सरकत खाली बसते. जड खाली आणि हलकं वर गेल्यामुळे सगळ्या हवेचा गुरुत्वमध्य किंचित खाली येतो. त्या घसरणीत मोकळी झालेली ऊर्जा म्हणजे तुझा वारा. लाट वाढली की हवेची ही अदलाबदल वाढते, अदलाबदल वाढली की लाट वाढते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तुझ्या मध्याकडे धावणारी हवा सरळ पोचू शकत नाही, उजवीकडे वळते आणि तू घड्याळाच्या उलट दिशेने गरगरू लागतोस. एवढं आपोआप होतं. इथवर यायला अभ्यास लागत नाही.

वशिल्याचं महत्त्व

आता स्पष्टच बोलू. केवळ गुणवत्तेवर मोठं झालेलं वादळ आमच्या पाहण्यात नाही. वर कोणीतरी लागतं.

तुझ्या मध्यावर दाब कमी, याचा अर्थ तुझ्या डोक्यावरच्या हवेच्या खांबाचं वजन आजूबाजूपेक्षा कमी. पण खाली दाब कमी झाला की चहूबाजूंनी हवा आत घुसते, खांब पुन्हा भरतो आणि तू संध्याकाळपर्यंत विझतोस. बहुतेकांचं असंच होतं, त्यांची नावंही कोणाला ठाऊक नसतात. विहीर खणताना खाली पहार मारणारा जेवढा लागतो तेवढाच वर उभा राहून माती उपसणारा लागतो. तो नसेल तर खणलेलं खाली परत ढासळतं. तुझा उपसणारा म्हणजे जेट स्ट्रीम.

जमिनीपासून नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा हा वाऱ्याचा अरुंद पट्टा. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २००-३०० किलोमीटर असणं नेहमीचं. न्यूयॉर्कहून लंडनला येणारी विमानं याच्याच पाठीवर बसून लवकर पोचतात. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी एक जम्बो विमान पाच तासांच्याही आत पोचलं. प्रवासी खूश झाले. खाली इंग्लंडमध्ये लोक छपरं धरून बसले होते, ती गोष्ट निराळी.

पण जेटच्या खाली कुठेही उभं राहिलं की काम झालं, असं नाही. वशिल्यालाही दरवाजे असतात. जेटच्या आत जागोजागी विशेष वेगवान टापू असतात. अशा टापूत हवा जिथून शिरते तिथे उजव्या हाताला, आणि जिथून बाहेर पडते तिथे डाव्या हाताला, वरची हवा फाकते. हवा फाकली की खालची वर ओढली जाते आणि तुझ्या खांबातून आत येते त्यापेक्षा जास्त हवा बाहेर जाते. दाब कोसळतो. हाताची गल्लत करून चुकीच्या बाजूला उभा राहिलास तर मात्र वरून हवा दाटते, तुझ्या डोक्यावर बसते, आणि करिअर तिथेच आटोपतं.

या प्रकरणातला आदर्श विद्यार्थी म्हणजे लोथार. डिसेंबर १९९९. अटलांटिक ओलांडेपर्यंत लोथार हा एक उथळ, चिमुकला भोवरा होता. खालच्या थरात पाऊस पाडत, त्या पावसाच्या उष्णतेवर कसाबसा जीव धरून पूर्वेकडे निघालेला. त्याच्यात काही दम आहे असं कोणालाही वाटलं नसतं. पण त्या दिवसांत वर जेट भलताच चेकाळला होता, ताशी ४०० किलोमीटरच्या घरात. २५ डिसेंबरच्या रात्री लोथार फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ आला आणि जेटच्या उजव्या बाजूकडून डाव्या बाजूला, नेमका बाहेर पडायच्या दरवाजाखाली सरकला. पुढचे काही तास दाब कोसळत राहिला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पॅरिस जागं झालं तेव्हा शहरात ताशी १६०-१७० किलोमीटरचे झोत घुसत होते. व्हर्सायच्या राजउद्यानातली सुमारे दहा हजार झाडं त्या एका सकाळी आडवी झाली. दुपारपर्यंत स्वारी जर्मनीचा दक्षिण भाग आणि स्वित्झर्लंड तुडवत पुढे गेलीसुद्धा. तोच जेट, तोच वशिला वापरून दुसऱ्या दिवशी मार्टिन नावाचा धाकटा आला. त्याने फ्रान्सचा दक्षिण भाग घेतला आणि जाता जाता जिरोंदच्या खाडीचं पाणी ब्लाय अणुऊर्जा केंद्रात घुसवून दाखवलं. दोघांनी मिळून शंभराहून अधिक माणसं मारली. एक चांगला वशिला एकाच कुटुंबातल्या दोघांना कसा उपयोगी पडतो, याचं हे उदाहरण. आपल्याकडच्या वाचकाला ते फोडून सांगायला नको.

आणखी एक बारकावा. वरच्या थरातला कमी दाबाचा खळगा तुझ्या पश्चिमेला, थोडा मागे असावा. वरिष्ठांनी मागून ढकलावं, डोक्यावर बसू नये. तो सरकत सरकत नेमका तुझ्या माथ्यावर आला की तुझा कणा उभा सरळ होतो आणि वाढ थांबते. सरळ कण्याने मोठं होता येत नाही, अशी या क्षेत्राची रीत आहे.

याच जेटच्या दक्षिणेकडच्या भावाच्या आश्रयाने तुझे काही दूरचे नातलग हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून इराणमार्गे भारताकडे जातात. तिकडे त्यांना पश्चिमी चक्रावात म्हणतात. वाटेत ओल कमी, समोर हिमालय आडवा, त्यामुळे बिचाऱ्यांना काश्मीर-हिमाचलात बर्फ आणि पंजाबात गव्हापुरता पाऊस पाडण्यावर समाधान मानावं लागतं. ते पुढे गेले की मागून उत्तरेचं थंड वारं खाली सुटतं आणि निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात. द्राक्षबागायतदार शिव्या देतात. तुझ्या घराण्याला महाराष्ट्रात एवढीच काय ती ओळख.

खुराक

ओलसर उबदार हवा खा. वर चढताना ती निवते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि समुद्रावर त्या पाण्याची वाफ करायला लागलेली सगळी उष्णता ढगात परत मिळते. त्याने हवा आणखी हलकी होते, आणखी जोराने वर जाते, खालचा दाब आणखी उतरतो. तफावत हे तुझं जेवण आणि वाफ हे तूप. नुसत्या तुपावर जगणारे ते अरबी समुद्रातले. तू दोन्ही घ्यावंस. लोथारने लहानपणी तूपच खाल्लं होतं, हे विसरू नये.

प्रवेशपरीक्षा

१९८० साली अमेरिकेतल्या फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकम यांनी तुमची परीक्षापद्धती ठरवून दिली. २४ तासांत मध्यावरचा दाब २४ मिलिबारने उतरला पाहिजे. उतरला तर तुला ‘बॉम्ब’ ही पदवी. ही अट ६० अंश अक्षवृत्तावरची. दक्षिणेकडच्या उमेदवारांना सवलत आहे, ४५ अंशांवर सुमारे २० मिलिबारला भागतं. अशी वादळं मुख्यतः हिवाळ्यात आणि मुख्यतः समुद्रावर तयार होतात, हेही त्याच दोघांनी दाखवलं. पदवीचा वापर वर्तमानपत्रं फार करतात. शास्त्रज्ञ त्या मानाने कमी.

खोलीचा हव्यास नको

इथे बहुतेक नवशिके फसतात. त्यांना वाटतं, जितका दाब कमी तितकं वादळ भारी. मग ते आपसांत आकडे मोजत बसतात, दहावीच्या टक्क्यांसारखे.

जानेवारी १९९३ मधल्या ब्रेअर वादळाचं बघ. समुद्रसपाटीवरचा नेहमीचा दाब १०१३ मिलिबार धरतात. १० जानेवारीला आइसलँड आणि स्कॉटलंड यांच्या मध्ये या पठ्ठ्याचा दाब ९१४ पर्यंत उतरला. उत्तर अटलांटिकवर आपल्या घराण्यात इतकं खाली कोणी गेल्याची नोंद नाही. एवढा गुणवंत, आणि त्याने केलं काय? ब्रेअर नावाचा तेलवाहू टँकर पाच दिवस आधीच शेटलंड बेटाच्या खडकावर चढून बसला होता. त्याचे याने तुकडे केले, आणि त्यातलं ८५ हजार टन हलकं तेल लाटांनी घुसळून असं पसरवून टाकलं की किनाऱ्याचं नुकसान भीतीपेक्षा कमीच झालं. बाकी मुक्काम समुद्रावर. टँकर नसता तर या वादळाला नावही उरलं नसतं. ते नावही टँकरचंच आहे.

लोथारचा दाब ९६० च्या आसपास. म्हणजे गुणपत्रिकेत तो ब्रेअरच्या पासंगालाही पुरणार नाही. पण वाऱ्याला खड्ड्याच्या खोलीशी देणंघेणं नसतं, त्याला उतार लागतो. दाबाचा फरक किती किलोमीटरांत पडतो यावर वेग ठरतो. नकाशावरच्या समभार रेषा, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, ऐसपैस असतील तर तळ कितीही खोल असो, वारा बेताचाच. त्या एकमेकींना चिकटल्या की खिडक्या फुटतात. लोथार आटोपशीर होता आणि पळत होता, ताशी शंभरेक किलोमीटरने. भोवऱ्याच्या दक्षिण बाजूला फिरणारा वारा आणि वादळाचा स्वतःचा पळ एकाच दिशेने असतात, तिथे दोन्हींची बेरीज होते. म्हणून तुझ्या दक्षिणेला राहणाऱ्यांनी जास्त भ्यावं. उत्तरेकडच्यांचं पुष्कळदा पावसावर किंवा बर्फावर भागतं.

आणि वेगाचा हिशेब सरळ नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर भिंतीवरचा दाब चौपट होतो. ताशी ८० च्या वाऱ्यात टिकलेलं कौल १६० च्या वाऱ्यात टिकेल का, हा प्रश्न कौलाने चार वेळा विचारावा.

शेपटीतली नांगी

हा भाग प्रगत विद्यार्थ्यांसाठी, पण वाचून सगळेच जण घेतात.

ब्यर्कनेस बापलेकांच्या चित्रात शीत आघाडी मागून येऊन उष्ण आघाडीला गाठते आणि मधली उबदार पाचर मिटून जाते. समुद्रावर झपाट्याने वाढणाऱ्या दांडग्या वादळांत पुष्कळदा वेगळंच घडतं. शीत आघाडी मधेच तुटून सुटी होते, उष्ण आघाडी मात्र मध्याला वेढा घालत मागे वळते, आणि गाभ्यात थोडी उबदार हवा कोंडली जाते. हे चित्र १९९० साली मेल्विन शापिरो आणि डॅनियल कीजर यांनी मांडलं. वरून, उपग्रहातून पाहिलं तर मागे वळलेल्या ढगाचं टोक आकड्यासारखं दिसतं. त्या आकड्यापासून लांब राहायचं, हे नॉर्वेच्या हवामानतज्ज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं; ते त्याला विषारी शेपूट म्हणत.

त्या विषाचा उलगडा इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या कीथ ब्राउनिंग यांनी २००४ साली केला. आकड्याच्या टोकाशी, तीन-चार किलोमीटर उंचीवरून, हवेचा एक अरुंद झोत खाली सुटतो. वाटेत त्यात बर्फाचे कण आणि पावसाचे थेंब पडत असतात, त्यांची वाफ होते, वाफ होताना हवा गारठते, गारठून जड होते आणि अधिकच जोराने खाली येते. जमिनीवर या झोताची रुंदी काही दहा किलोमीटर, आयुष्य तीन-चार तास. ब्राउनिंग यांनी त्याला ‘स्टिंग जेट’ म्हटलं, विंचवाच्या नांगीवरून. सबंध वादळ हजार किलोमीटरांचं असो, मरणारी माणसं आणि पडणारी झाडं पुष्कळदा या चिंचोळ्या पट्ट्यात सापडतात.

ब्राउनिंग यांनी त्यासाठी जे वादळ तपासलं ते ऑक्टोबर १९८७ मधलं. १५ तारखेच्या दुपारी बीबीसीवर मायकल फिश हवामान सांगत होते. कोणा बाईंनी फोन करून चक्रीवादळ येतंय म्हणे असं विचारल्याचं त्यांनी सांगितलं, आणि काळजी करू नका, तसं काही नाही, असं म्हणाले. वारा सुटेल हेही ते म्हणाले होते, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पहाटेपर्यंत दक्षिण इंग्लंडमध्ये दीड कोटी झाडं पडली. शोअरहॅमला ताशी १८५ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. सेव्हनओक्स गावात एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाच्या स्मरणार्थ १९०२ साली लावलेल्या सात ओक वृक्षांपैकी सहा गेले. आमच्या मते फिश यांच्यावर अन्याय झाला. चक्रीवादळ, म्हणजे ते कोमट पाण्यावरचं, खरंच नव्हतं. होतास तो तू. पण छप्पर गेलेल्या माणसाला वंशावळीत रस नसतो.

वेळ साधणे

१९८७ च्या त्या वादळात इंग्लंडमध्ये १८ माणसं मेली. २५ जानेवारी १९९० ला, कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिनी, आलेल्या वादळात ब्रिटनमध्ये ४७ मेली, झाडं मात्र त्याहून कितीतरी कमी पडली. फरक घड्याळाचा. पहिलं रात्री आलं, लोक पांघरुणात होते. दुसरं भर दिवसा आलं, शाळा चालू, रस्ते भरलेले.

रात्र नेहमीच माणसांच्या बाजूची असते असंही नाही. ३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र. स्कॉटलंडला वळसा घालून एक वादळ उत्तर समुद्रात उतरलं. हा समुद्र दक्षिणेकडे नरसाळ्यासारखा चिंचोळा होत जातो. वाऱ्याने पाणी त्या टोकाकडे रेटलं, कमी दाबाने ते आणखी उचललं, आणि त्यातच उधाणाची भरती. हॉलंडमध्ये रात्री रेडिओ बंद असायचा. बांध फुटले तेव्हा लोक झोपेत होते. तिथे १,८३६ आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं बुडाली. एवढी माणसं नुसत्या वाऱ्याने कधी मारली नसती. इथे या पुस्तिकेलाही थट्टा सुचत नाही. डच लोकांनी त्यानंतर काही दशकं खपून डेल्टा प्रकल्प उभा केला, समुद्राच्या मुखांना दारं बसवली. समुद्राची पातळी वाढते आहे, त्यामुळे पुढच्या पिढीतल्या वादळांना तेवढाच वारा वापरून जास्त उंच पाणी चढवता येईल. तुझ्यासाठी ही चांगली बातमी, म्हणून इथे नोंदवली.

नाव

बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत १९५४ पासून कमी दाबांना आणि जास्त दाबांना नावं दिली जातात. आधी कमी दाबांना बायकांची आणि जास्त दाबांना पुरुषांची नावं असत, म्हणजे वाईट हवा बाईची आणि ऊन बाप्याचं. बायकांनी हरकत घेतली, तेव्हा १९९८ पासून दरवर्षी आलटून-पालटून करतात. २००२ पासून तर कोणीही पैसे भरून नाव विकत घेऊ शकतो. जास्त दाब महाग पडतो, तो नकाशावर जास्त दिवस टिकतो ना. ब्रिटन आणि आयर्लंडने २०१५ पासून आपली वेगळी यादी सुरू केली. पहिलं नाव ॲबिगेल.

नाव नसलं तरी कीर्ती अडत नाही. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर एक वादळ आलं, त्याला लोक नुसतं ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणतात. अडीचशे-तीनशे माणसं गेली असावीत. १९०९ मध्ये सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं तेव्हा पुष्कळ म्हाताऱ्यांपाशी जन्माचा दाखला नव्हता. मग साहेब विचारायचे, मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? आठवते म्हणाला की पेन्शन मंजूर. त्या वर्षी आयर्लंडमध्ये स्मरणशक्ती फार तल्लख झाली होती म्हणतात.

विरुद्ध पक्षाची तयारी

आता वाईट बातमी. पूर्वी तुम्ही न सांगता यायचात. ऑक्टोबर १८५९ मध्ये मेलबर्नहून सोनं घेऊन परतणारं रॉयल चार्टर जहाज वेल्सच्या अँगलसी किनाऱ्यावर फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. तेव्हा रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याने, डार्विनला बीगल जहाजावरून जगभर फिरवून आणलेल्या कप्तानाने, ठरवलं की हे आधी सांगता आलं पाहिजे. तारायंत्र नुकतंच आलं होतं. १८६१ मध्ये त्याने बंदरांवर शंकू आणि पिंपं चढवून वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली आणि १ ऑगस्टला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हवामानाचा पहिला अंदाज छापला. मुंबई-रत्नागिरीच्या बंदरांवर आजही तीन नंबरचा बावटा चढला की मच्छीमार होड्या आत घेतात. रीत तीच.

१९८७ मध्ये फजिती झाल्यावर ब्रिटनच्या हवामान खात्याने निरीक्षणं आणि संगणक दोन्ही वाढवले. लोथार-मार्टिननंतर फ्रान्सने २००१ मध्ये रंगीत इशाऱ्यांचा नकाशा काढला. आता एकाच वेळी पन्नासेक अंदाज काढतात, प्रत्येकाची सुरुवात किंचित वेगळी ठेवून, आणि त्यांतले किती तुझ्याबद्दल एकमताने वाईट बोलतात ते पाहतात.

२४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आयर्लंडवर आलं. सगळ्या अटी पूर्ण केलेलं, जेट पाठीशी, दाब ९४० च्या आसपास. गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला ताशी १८० किलोमीटरच्या वरचा झोत नोंदला गेला आणि १९४५ पासून टिकलेला आयर्लंडचा विक्रम मोडला. साडेसात लाखांहून अधिक घरादारांची वीज गेली. पण त्याच्या आधीच साऱ्या आयर्लंडभर लाल इशारा लागला होता, शाळा बंद, बसगाड्या बंद, आणि उत्तर आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये ४५ लाख फोन एकाच वेळी किंचाळले होते. मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १८३९ च्या तुलनेत ही कामगिरी अगदीच सुमार, आणि दोष एओविनचा नाही.

ही पुस्तिका चोरून वाचणाऱ्या माणसांसाठी, विशेषतः डब्लिन, लंडन, ॲमस्टरडॅमला नव्याने राहायला गेलेल्या आपल्या मुलामुलींसाठी एवढंच: लाल इशारा असताना गाडी बाहेर काढू नका, या वादळांत चालत्या गाडीवर पडलेल्या झाडाने पुष्कळ माणसं गेली आहेत. लाटा बघायला किनाऱ्यावर जाऊ नका. आणि वारा पडल्यावर रस्त्यात तार लोंबताना दिसली तर वीज गेलेलीच आहे असं धरून तिच्याजवळ जाऊ नका.